एका गोल टिनातला स्टेगोसॉरस

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा पाच वर्षांचा होतोय आणि त्याला डायनोसॉरचाच केक हवाय. बाहेर करून घेतला तर वाढदिवसाचं सगळं बजेट तिथेच संपतं. घरी ओव्हन आहे, 20 सेंटिमीटरचा एकच गोल टिन आहे, साधा केक नीट जमतो; पण आकाराचा केक कधी केलेला नाही, फाँडंटला, म्हणजे केकवर लाटून घालायच्या साखरेच्या गोळ्याला, हातही लावलेला नाही. पंधरा मुलं येणार आहेत. कमी खर्चात काय करता येईल?

छान डायनोसॉर करता येईल, आणि तोही त्याच एका टिनात. मी वीसेक वर्षं घरून केक करते आहे. सुरुवातीची दोन वर्षं मी नको त्या गोष्टींत पैसे घातले. अस्वलाच्या आकाराचा टिन घेतला, तो एकदा वापरला आणि माळ्यावर गेला. नोझलचा भलामोठा डबा घेतला, त्यातली तीन नोझल झिजली, बाकीची अजून कोरी आहेत. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण बटरला असतं. म्हणून पैसे घालायचेच तर बटरमध्ये घाला आणि बाकी सगळं घरातलं वापरा.

मूल केक कसा ओळखतं, ते आधी लक्षात घ्या. आपण मोठी माणसं फिनिशिंग बघतो, कडा बघतो, क्रीम किती गुळगुळीत आहे ते बघतो. पाच वर्षांचं पोर फक्त खुणा शोधतं. एखाद्या गोष्टीच्या दोन-तीन खुणा जागेवर असल्या की त्याच्यासाठी ती गोष्ट झाली. त्या नसतील तर कितीही गुळगुळीत क्रीम लावा, ते विचारणार, ‘हे काय आहे?’ तेव्हा मुलाला हातात कागद-खडू द्या आणि त्याचा डायनोसॉर काढायला सांगा. तो सगळ्यात आधी काय काढतो आणि कशावर सगळ्यात जास्त गिरवतो, ते बघा. केकवर नेमकं तेवढंच आलं पाहिजे.

दुसरं म्हणजे, कुठला डायनोसॉर ते आत्ताच ठरवून घ्या. टी-रेक्स दोन पायांवर उभा, डोकं मोठं; केकमध्ये तो उभा राहत नाही, पडतो. लांब मानेचा असेल तर मान मोडते. स्टेगोसॉरस मात्र केक करणाऱ्यांवर उपकार करायलाच जन्माला आला होता. पाठ अर्धगोल, डोकं लहान आणि खाली, शेपूट जमिनीकडे, आणि पाठीवर त्रिकोणी पट्ट्या. गोल केक मधोमध कापून उभा केलात की निम्मं काम झालंच. मुलगा टी-रेक्सवरच अडला तर अख्खा प्राणी करू नका, नुसता चेहरा करा: गोल केक, मोठं उघडं तोंड, पांढरे दात, दोन डोळे. तोही पटकन ओळखू येतो.

एक सांगून ठेवते. स्टेगोसॉरसच्या शेपटीच्या टोकाला चार काटे असतात. मी एकदा तोल साधावा म्हणून पाच खोचले होते. वाढदिवसाच्या मुलाने मेणबत्त्या विझवायच्या आधी ते मोजले आणि सगळ्यांसमोर मला सांगितलं की एक जास्त झालाय. पाचवा काटा काढून त्याच्या हातात दिला, तेव्हा कुठे फुंकर मारली.

आता स्पंज. साध्या मापाचाच करा, कारण आकाराच्या केकला घट्ट, बारीक जाळीचा स्पंज लागतो. फार हलका, लुसलुशीत केक कापताना चुरा होतो. एका केकला तीन अंडी. फोडून त्यांचं वजन साधारण 150 ग्रॅम भरतं. तितकंच बटर, तितकीच साखर, तितकाच मैदा, दीड सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर आणि व्हॅनिला. बटर-साखर रंग फिकट होईपर्यंत फेटायची, अंडी एकेक करून घालायची, मैदा चाळून हलक्या हाताने मिसळायचा. 170 अंश सेल्सिअसला 25 ते 30 मिनिटं. मध्ये टोचलेली काडी कोरडी निघाली की झाला. असे दोन केक लागतील. टिन एकच आहे, तर मिश्रणही दोनदा करा. एकदम करून अर्धं बाजूला ठेवलं तर बेकिंग पावडरचा काही जोर आधीच निघून जातो आणि दुसरा केक बसका होतो.

बटर वाचवायचं असेल तर प्रत्येक केकमध्ये निम्मं बटर ठेवा, 75 ग्रॅम, आणि उरलेल्याच्या जागी 60 मिलिलिटर बिनवासाचं तेल घाला. सगळंच तेल घालू नका. तेलाचा केक फ्रिजमध्येही मऊ राहतो. खायला ते छान लागतं, पण उभ्या केकला आतून थोडा ताठपणा हवा, आणि तो थंड बटरच देतं.

अंडी चालत नसतील तर एका केकला 190 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम पिठीसाखर, एक मोठा कप, म्हणजे 240 ग्रॅम दही, 120 मिलिलिटर तेल, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा. सोडा दह्याला लागताक्षणी काम सुरू करतो, त्यामुळे ओव्हन आधी तापलेला हवा आणि मिश्रण लगेच आत जायला हवं. हा केक चवीला उत्तम होतो, पण नाजूक असतो. मग उभं करण्याच्या भानगडीत पडू नका. मी पुढे सांगते तेच तुकडे ट्रेवर आडवे मांडा. बाजूने दिसणारा डायनोसॉर तयार होतो आणि तो पडण्याची भीती नाही.

केक निदान दोन दिवस आधी करा. गार झाले की प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये, आणि कापायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये. ताजा केक कापायला गेलात तर सुरीबरोबर तुकडे ओढले जातात. गारठलेला केक चीजसारखा कापला जातो. या कामात वेळ वाचवायला गेले की मी दर वेळी पस्तावलेय. सुरी दाताची घ्या, ब्रेड कापायची, आणि दाबू नका, करवतीसारखी चालवा.

आधी दोन्ही केकचे वर आलेले घुमट कापून सपाट करा. तो चुरा टाकू नका, एका वाडग्यात ठेवा, पुढे लागणार आहे. मग दोन्ही केक मधोमध कापा. चार अर्धगोल झाले. त्यातले तीन क्रीम लावून एकमेकांना चिकटवा आणि कापलेली सरळ बाजू खाली करून उभे करा. हे झालं धड: 20 सेंटिमीटर लांब, 10 उंच, साधारण 12 रुंद. दोनच अर्धगोल घेतले तरी धड दिसतं, पण ते हडकुळं दिसतं आणि ट्रे उचलला की डुलतं. तिसरा थर पोट दिसावं म्हणून नाही, केक भक्कम उभा राहावा म्हणून आहे. तीन थर एकत्र राहावेत म्हणून आडवी काडी खुपसायची, तर टूथपिक नको, न शिजवलेली स्पॅगेटी खुपसा. कडक असते, हवी तिथे मोडता येते आणि चुकून कुणाच्या तोंडात गेली तरी लाकूड नाही. मी पूर्वी टूथपिकच वापरायचे. एकदा सात घातल्या होत्या आणि केक संपल्यावर ताटल्यांतून सहाच मिळाल्या. सातवी नंतर केकच्या पुठ्ठ्याखाली सापडली, पण मधली दहा मिनिटं मी विसरलेली नाही. लाकडी काड्या घालणारच असाल तर मोजून लिहून ठेवा.

उरला चौथा अर्धगोल. त्याच्या सरळ बाजूच्या मध्यावरून दोन काप देऊन तीन सारख्या फाका करा. दोन फाका क्रीमने जोडून सरळ कडेवर उभ्या करा आणि धडाच्या मागे लावा, टोक बाहेर. ही शेपूट. तिसऱ्या फाकेचं टोक थोडं छाटून ती पुढे लावा. हे डोकं. धड आणि फाक दोन्हींना गोलाई असल्यामुळे मध्ये वरच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारखी फट राहील. ती बघून घाबरू नका. बाजूला ठेवलेल्या चुऱ्यात दोन-तीन चमचे क्रीम कालवा, मातीसारखा गोळा होतो, आणि तो फटीत थापा. त्याच गोळ्याचे चार पाय करून बाजूंना चिकटवा. केकचा एक कणही वाया जात नाही.

सगळं मिळून लांबी 38 सेंटिमीटरच्या आसपास जाईल, हे आधीच मोजून ठेवा. ट्रे नसेल तर जाड पुठ्ठ्याचे दोन थर एकमेकांवर चिकटवा, वरून फॉइल घट्ट लावा. थर चिकटवताना पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या एकमेकींना आडव्या येऊ द्या, म्हणजे तो वाकत नाही. आणि केक पुठ्ठ्यावरच जोडा, खाली क्रीमचा एक फटकारा मारून. ओट्यावर जोडलेला केक नंतर उचलता येत नाही. फ्रिजमध्ये पुठ्ठा मावतो का, तेही रिकामा असतानाच बघून घ्या.

क्रीमला 250 ग्रॅम मऊ बटर आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे 500 ग्रॅम आयसिंग शुगर. एक-दोन चमचे दूध. आधी नुसतं बटर पाच मिनिटं फेटा, पांढरट होऊ द्या, मग साखर तीन हप्त्यांत. आयसिंग शुगर विकत नको असेल तर साखर थोड्या कॉर्नफ्लोअरबरोबर मिक्सरमधून अगदी बारीक करून दोनदा चाळा. जिभेला किंचित रवाळ लागते, मुलांना फरक पडत नाही. डायनोसॉरच्या कातडीला तर रवाळपणा शोभतोच.

इतकी साखर नको वाटत असेल तर एक जुनी पद्धत आहे, तिला आयसिंग शुगर लागतच नाही. एक कप दुधात 40 ग्रॅम मैदा गुठळी न होऊ देता शिजवून घट्ट करायचा, पूर्ण गार करायचा. 225 ग्रॅम बटर आणि 200 ग्रॅम साधी साखर भरपूर फेटायची आणि त्यात ही खळ चमचा-चमचा घालत जायची. क्रीम व्हिप्ड क्रीमसारखं हलकं होतं. खळ जरा जरी कोमट असली तर बटर वितळतं आणि सगळं फाटल्यासारखं दिसतं. तसं झालं तर भांडं पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा, बहुतेक वेळा सावरतं. डब्यातलं व्हिप्ड क्रीम मात्र या केकला वापरू नका. उभ्या भिंतीवरून ते हळूहळू खाली उतरतं.

रंगाबाबत एक गोष्ट माहीत असली की निम्म्या बाटल्या वाचतात. बटर मुळातच पिवळसर असतं. त्यात निळा घातला की हिरवट होतं. आकाशी केक करायला बसलेल्यांना हेच नडतं, आणि तुमच्यासाठी हाच फायदा आहे. निळ्या जेल रंगाची एक छोटी बाटली घ्या. हिरवा फारच निळसर वाटला तर चिमूटभर हळद घाला. एवढ्या साखरेत तिची चव लागत नाही. अंगावरच्या गडद रेघांसाठी, डोळ्यांसाठी कोको. लाल आणि काळ्याच्या वाटेला जाऊच नका. तो गडदपणा यायला इतका रंग लागतो की क्रीम कडवट होतं आणि पोरांचे दात संध्याकाळभर रंगलेले राहतात. हिरवाही हवा त्यापेक्षा एक छटा फिकटच थांबवा, कारण बटरक्रीमचा रंग काही तासांत मुरून गडद होतो.

लावताना दोन हात द्या. पहिला हात अगदी पातळ, केक आतून दिसला तरी चालेल. त्याचं काम फक्त सुटे कण धरून ठेवणं. मग केक अर्धा तास फ्रिजमध्ये. दुसरा हात जाड. तो गुळगुळीत करत बसू नका. काट्याचमच्याची मागची बाजू क्रीमवर हलकेच टेकवून उचला, टेकवून उचला. खवले तयार होतात. हा साधासा हात एवढ्यासाठी सांगते आहे की गुळगुळीत क्रीमवर प्रत्येक चूक दिसते, खवल्यांत सगळ्या लपतात. फाँडंट मी याच कारणासाठी सुचवत नाही. महाग पडतं, पहिल्यांदा लाटताना फाटतं, फ्रिजमधून काढल्यावर त्याला घाम फुटतो, आणि शेवटी मुलं ते सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात.

पाठीवरच्या पट्ट्या ही पहिली खूण, इथे कंजूषी नको. चॉकलेट कंपाउंड वापरा. ते नुसतं वितळवून परत घट्ट होतं, खऱ्या चॉकलेटसारखं तापमान सांभाळायला लागत नाही. गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा, पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नका, बटर पेपरवर तीन-चार मिलिमीटर जाड पसरा आणि अर्धवट घट्ट झालं की सुरीने त्रिकोण कापा. काही लहान, काही मोठे. मोठे पाठीच्या मध्यावर, लहान मान आणि शेपटीकडे, दोन ओळींत, समोरासमोर न लावता आडवे-तिडवे. कंपाउंडही नको असेल तर त्रिकोणी कापलेली बिस्किटं खोचा, पण ती पाहुणे यायच्या तासभर आधी. रात्री लावलेली बिस्किटं सकाळी माना टाकतात. शेपटीचे चार काटे उरलेल्या चॉकलेटचे. डोळ्याला पांढऱ्या क्रीमचा ठिपका, त्यावर कोकोच्या क्रीमचा. नोझल लागत नाही; प्लॅस्टिकच्या स्वच्छ पिशवीत क्रीम भरून कोपरा किंचित कापला की झालं.

पुठ्ठ्यावर उरलेलं हिरवं क्रीम काट्याने ओढून गवत करा, थोडा चुरा कोकोत घोळून माती म्हणून पसरा. इथे थांबा. दर वेळी शेवटच्या तासात मला काहीतरी आणखी लावावंसं वाटतं आणि दर वेळी ते जास्तीचंच ठरतं.

सुरक्षेचं थोडक्यात, पण नीट वाचा. लहान भावंडं येणार असतील तर कडक गोळ्या, चांदीचे मणी, अख्खे दाणे केकवर नकोत, घशात अडकतात. चमकी वापरायचीच असेल तर ती खाण्याची आहे असं स्पष्ट लिहिलेलीच घ्या. नुसतं ‘बिनविषारी’ लिहिलं म्हणजे खाण्याजोगी होत नाही. बटण सेलवर चालणारे दिवे किंवा खेळणी केकवर अजिबात ठेवू नका. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते. आणि मेणबत्त्या पाठीवर नकोत. चॉकलेटच्या पट्ट्या वितळतात. गवतात ओळीने लावा, फुंकायलाही त्या खालीच बऱ्या.

केक फ्रिजमधून तासभर आधी काढा. गार बटरक्रीम साबणासारखं लागतं. फार उकाडा असेल तर अर्धा तास पुरे. बटर तिशीच्या थोडं वर गेलं की वितळायला लागतं, तेव्हा खिडकीजवळ ठेवू नका.

राहिलं कापणं. उभा केक वरून त्रिकोणी कापायला गेलात तर ढासळतो. पट्ट्या आधी काढून बाजूला ठेवा आणि ब्रेडच्या लादीसारखा आडवा कापा, दोन-दोन सेंटिमीटरचे काप. धडाचे दहा काप निघतात, प्रत्येकाचे दोन तुकडे केले की वीस. पंधरा मुलांना पुरून घरच्यांनाही मिळतात. शेपटीच्या बाजूने सुरुवात करा, म्हणजे डायनोसॉर शेवटपर्यंत ओळखू येतो. डोक्याला कुणालाही हात लावू देऊ नका. ते कुणाचं आहे, हे वाढदिवसाच्या मुलाने केव्हाच ठरवलेलं असतं. पट्ट्या मात्र निदान मुलांइतक्या तरी करा. मी पहिल्या वेळी नऊ केल्या होत्या आणि मुलं बारा होती.